पहिली गाडी कर्जावर घेताना: हप्त्यापासून भंगारापर्यंत (ठाणे–नवी मुंबईतल्या नव्या चालकांसाठी)

पहिली गाडी जन्मभर कुणी ठेवत नाही. चार-पाच वर्षांत ती कुठल्या ना कुठल्या वाटेला लागते. काहींची नीट विकली जाते आणि त्या पैशांत थोडी मोठी येते. काहींची घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत कव्हरखाली बॅटरी उतरून पडते, कारण ऑफिसला लोकलच परवडते. काहींची हप्ते थकले म्हणून फायनान्सवाले उचलून नेतात. आणि ज्यांनी जुनी गाडी तिच्या अगदी उतारवयात घेतली, त्यांची थेट भंगारात जाते. यातलं काय होणार हे बरंचसं कर्जाच्या फॉर्मवर ‘मुदत’ या रकान्यात आकडा भरतानाच ठरतं. म्हणून हे मार्गदर्शन मॉडेल निवडण्यापासून सुरू न करता त्या आकड्यापासून करतोय.

१. आधी मुदत, मग मॉडेल

नियम एकच धरा: गाडी हातातून जाण्याआधी कर्ज संपलं पाहिजे, निदान इतकं उतरलेलं असलं पाहिजे की गाडी विकून ते फिटेल.

शोरूममध्ये सेल्समन विचारतो, “सर, महिन्याला किती जमेल?” हा प्रश्न गोड आहे आणि घातक आहे. उत्तर द्या, “पाच वर्षांचा हप्ता सांगा.” फरक कसा पडतो ते बघा. ५ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज:

- ५ वर्षं: हप्ता सुमारे १०,५०० रुपये, एकूण व्याज सुमारे १ लाख ३० हजार.
- ७ वर्षं: हप्ता सुमारे ८,१७० रुपये, एकूण व्याज सुमारे १ लाख ८६ हजार.

महिन्याला सव्वादोन-अडीच हजार वाचल्यासारखे वाटतात. आता तीन वर्षांनी काय शिल्लक राहतं ते पाहा. पाच वर्षांच्या कर्जात साधारण २ लाख २९ हजार, सातच्या कर्जात ३ लाख २५ हजार. समजा गाडीची एक्स-शोरूम किंमत साडेपाच लाख होती आणि आजही तीच धरली. विम्याच्या घसाऱ्याच्या तक्त्यात तीन वर्षं उलटून गेलेल्या गाडीला ४० टक्के घसारा लागतो, म्हणजे विमा उतरवलेली किंमत, जिला सगळे आयडीव्ही म्हणतात, ती ३ लाख ३० हजार. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विम्याचे पैसे आधी कर्ज देणाऱ्याकडे जातात. सात वर्षांवाल्याच्या हातात पाच हजार राहतील, पाच वर्षांवाल्याच्या हातात लाखभर.

जुनी गाडी असेल तर मुदत ३, फार तर ४ वर्षं. कर्ज संपेपर्यंत गाडीचं वय दहाच्या पुढे जाऊ नये असं बऱ्याच कर्जदात्यांचं धोरण असतंच. ते नसलं तरी तुम्ही पाळा.

‘शून्य डाऊन पेमेंट’ ही पाटी दिसली की मागे फिरा. ऑन-रोड किमतीतला रोड टॅक्स आणि विमा हे पैसे गाडी विकताना परत येत नाहीत. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के कर लागतो. साडेपाच लाखांच्या गाडीला तो ६० हजारांवर जातो आणि विमा धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत ६ लाख ४० हजारांच्या आसपास पोचते. वरचे हे नव्वद हजार तरी स्वतःच्या खिशातून घाला. जे पैसे पहिल्याच दिवशी उडून जातात, त्यावर व्याज कशाला भरायचं?

२. हप्त्याच्या पलीकडचा खर्च कागदावर मांडा

रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर (घोडबंदर ते ऐरोली म्हणा, किंवा ठाण्याहून बेलापूर) आणि महिन्याचे २२ दिवस धरले तर ८८० किलोमीटर होतात. इथल्या ट्रॅफिकमध्ये लहान पेट्रोल गाडीनं लिटरला १४ दिले तरी ६३ लिटर पेट्रोल. लिटर शंभराच्या वर आहे, म्हणजे साडेसहा हजार. कंपनीनं छापलेल्या मायलेजवर हिशेब करू नका, तो आकडा माजिवड्याच्या सिग्नलला ठाऊक नाही.

त्यात वार्षिक विमा, वर्षातून एक-दोन सर्व्हिसिंग आणि तीन-चार वर्षांनी टायर व बॅटरी मिळवा. हे सगळं बारानं भागून दरमहा वेगळं काढा. हप्ता अधिक हा सगळा खर्च मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या भागावर जात असेल तर गाडी अजून सहा महिने लांबवा आणि डाऊन पेमेंट वाढवा.

टोलबद्दल दोन गोष्टी. मुंबईच्या पाचही वेशींवर (वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन, दहिसर) ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना टोल माफ आहे, त्यामुळे तो धरू नका. पण फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर तो चालत नाही.

आणि पार्किंग. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून जागा आहे का, भाडं किती, हे टोकन देण्याआधी लेखी घ्या. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत किंवा वाशी-नेरुळच्या सिडकोच्या जुन्या वसाहतीत रस्त्यावरच लावायची असेल तर सम-विषम तारखांचे फलक आधी वाचून या. टोइंगचा दंड महिन्यातून दोनदा बसला की स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही.

३. पत तपासा, कागद जमवा

सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो स्वतः काढा. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, साडेसातशेच्या वर असेल तर व्याजाची घासाघीस करता येते. पहिलीच नोकरी असेल तर बहुधा इतिहासच नसतो. तसं असेल तर आई किंवा वडील सहकर्जदार लागतील.

इथे नवखे दोन ठिकाणी फसतात. एक, मोबाइलचा हप्ता किंवा ‘आता घ्या, नंतर भरा’वाल्या अ‍ॅपचे राहिलेले तीनशे रुपये. तेही अहवालात थकबाकी म्हणून दिसतात. दोन, डीलर तुमचे कागद एकाच दिवशी पाच-सहा कर्जदात्यांकडे टाकतो. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि सहावा कर्जदाता म्हणतो, “या मुलाला पैशांची फारच घाई दिसते.” डीलरला स्पष्ट सांगा: मला विचारल्याशिवाय कुठेही लॉगिन करायचं नाही, म्हणजे माझा अर्ज टाकायचा नाही.

लागणारे कागद:

- पॅन आणि आधार (आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, पुढे आरटीओच्या ऑनलाइन कामालाही तोच लागतो)
- तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६. व्यवसाय असेल तर दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं
- पत्त्याचा पुरावा. भाड्यानं राहत असाल तर नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार. ब्रोकरनं नुसत्या स्टॅम्प पेपरवर करून दिलेला अकरा महिन्यांचा कागद चालत नाही
- फोटो आणि रद्द केलेला चेक
- वाहन चालवण्याचा परवाना. कर्जाला सगळे मागत नाहीत, पण परवाना नसताना गाडी चालवून अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. लर्निंग लायसन्सनंतर निदान ३० दिवस थांबून पक्क्याची परीक्षा देता येते, तेवढा वेळ धरून गाडी बुक करा

कर्ज आणि आरसी बुक एकाच नावावर असतं. हप्ते तुम्ही भरणार पण मुख्य कर्जदार बाबा, असं केलंत तर गाडीही बाबांचीच आणि पतही बाबांचीच वाढणार. शक्य असेल तर तुम्ही मुख्य कर्जदार व्हा, बाबा सहकर्जदार.

४. कर्ज कुणाकडून, आणि कागदावर काय वाचायचं

पगार जमा होतो ती बँक पहिली. त्यानंतर सरकारी बँका आणि आपल्याकडच्या सहकारी बँका: टीजेएसबी, जीपी पारसिक, ठाणे भारत सहकारी. सहकारी बँकेत साधारणपणे सभासद व्हावं लागतं आणि जामीनदार द्यावा लागतो, पण माणूस समोर बसून बोलतो, ही जमेची बाजू. फायनान्स कंपन्या सगळ्यात शेवटी. त्या जुन्या गाडीला आणि कमी कागदांवर कर्ज देतात आणि त्याची किंमत व्याजात वसूल करतात.

जुन्या गाडीच्या कर्जात सगळ्यात मोठी चकवाचकवी ‘फ्लॅट’ दराची असते. एजंट सांगतो, “फक्त आठ टक्के फ्लॅट.” ४ लाख, ४ वर्षं: वर्षाला ३२ हजार, चार वर्षांचे १ लाख २८ हजार व्याज, हप्ता बरोबर ११,०००. आता हेच ४ लाख ४ वर्षांसाठी घटत्या शिलकीवर १४ टक्क्यांनी घेतले तर हप्ता १०,९३० च्या आसपास येतो. म्हणजे आठ टक्के फ्लॅट हे खरं सव्वाचौदाच्या पुढे जातं. कारण सोपं आहे: तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय, पण व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या चार लाखांवरच लावलं जातंय.

यावर उपाय आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किरकोळ कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. त्यात व्याजासकट प्रोसेसिंग फी वगैरे खर्च धरलेले असतात. दोन कर्जांची तुलना फक्त या आकड्यावर करा. सही करण्याआधी याच कागदावर तीन ओळी शोधा:

- मुदतीआधी फेडलं तर किती टक्के शुल्क, आणि किती महिने फेडताच येणार नाही. गाडीचं कर्ज बहुतेक वेळा स्थिर दराचं असतं आणि त्यावर हे शुल्क लागू शकतं.
- हप्ता बाउन्स झाल्याचा दंड.
- कर्जाला जोडलेला जीवन विमा किंवा ‘सुरक्षा’ पॉलिसी. ती सक्तीची नसते. दहा-पंधरा हजार कर्जातच मिळवून टाकतात आणि त्यावरही व्याज लागतं. नको असेल तर लेखी नको म्हणा.

शोरूममधल्या कोटेशनवर ‘हँडलिंग चार्जेस’ किंवा ‘लॉजिस्टिक’ असं काही दिसलं तर काढायला लावा. विमाही डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून तेवढ्याच आयडीव्हीचं कोटेशन आणून टेबलावर ठेवलं की डीलरचा आकडा खाली येतो.

५. जुनी गाडी बघायला जाताना

पहिली गाडी जुनीच घ्या, असं माझं मत आहे. पहिल्या वर्षी तुम्ही ती खांबाला, कठड्याला आणि रिक्षाला घासणारच आहात. पण जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याची पहिली गाडी, तेव्हा तिचं पूर्वायुष्य तपासा.

*घरी बसून.* गाडीचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपमध्ये टाका. कितवा मालक, आरसीवर कर्जाची नोंद, विम्याची तारीख, पीयूसी, नोंदणीची मुदत हे सगळं दिसतं. मग महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन साइटवर चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे देऊन दंड बघा. पाम बीच रोडवर रोज पळणाऱ्या गाडीवर पाच-सहा हजारांची चलनं निघाली तर नवल नाही. ती विकणाऱ्यानं व्यवहाराआधी भरायची. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुना सर्व्हिस रेकॉर्ड मागवा आणि किलोमीटरची नोंद बघा. ४८ हजारांनंतर पुढच्या वर्षी ३१ हजार दिसले की मीटर मागे फिरवलाय.

*सकाळी, थंड इंजिनवर.* विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्याला काहीतरी लपवायचंय, दुसऱ्या दिवशी परत जा. ऑइलचं झाकण उघडा. आत दुधाळ थर असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरतंय, म्हणजे हेड गॅस्केटचं काम. चालू केल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो पेटलाच नाही तर खूश होऊ नका. एअरबॅग एकदा फुटलेल्या गाड्यांमध्ये दिवाच तोडून ठेवतात.

*ठोकलेली आहे का.* प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवल्याच्या वर्षाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एकच नंतरची असेल तर त्या बाजूनं काहीतरी घडलंय. बॉनेट आणि दरवाजांच्या बिजागरीचे बोल्ट बघा. पाना लागून रंग उडालेला बोल्ट म्हणजे तो भाग उघडला गेलाय. टायरवर चार आकडी शिक्का असतो: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पंधरा हजार किलोमीटर फिरलेल्या गाडीवर मूळ कंपनीचे टायर नसतील तर किलोमीटर पुन्हा तपासा.

*पाण्यात बुडालेली आहे का.* आपल्या भागात हे सगळ्यात महत्त्वाचं. ठाण्यात वंदना डेपोचा परिसर दर पावसाळ्यात भरतो. नवी मुंबई तर धारण तलावांच्या (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवणारे तलाव) भरवशावर उभी आहे. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की बेलापूरच्या सखल सेक्टरांत तळमजल्याच्या गाड्यांत पाणी शिरतं. अशी गाडी सुकवून, शाम्पू करून, सेंट मारून बाजारात येते. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळलेल्या भागात चिखलाची रेघ सापडते, कारण तिथपर्यंत कुणी धूत नाही. सीटखालच्या पट्ट्यांचे स्क्रू, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा आणि हेडलाइटच्या आतली वाफ बघा. एसी आणि ब्लोअर पूर्ण जोरात सुरू करून दोन मिनिटं वास घ्या. इंजिन दुरुस्त होतं, पण भिजलेलं वायरिंग दोन-दोन वर्षं छळत राहतं.

*चालवून.* ठाण्यात असाल तर सकाळी सातच्या आत गायमुखच्या घाटात न्या, नवी मुंबईत असाल तर बेलापूरच्या पारसिक हिलच्या चढावर. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये एकदम रेस द्या. इंजिनचा आवाज चढला पण गाडी पुढे सरकली नाही, तर क्लच प्लेट गेली. इथल्या बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून चालवायची सवय असते, त्यामुळे तीस-चाळीस हजारांतच ती संपते. खड्ड्यांच्या रस्त्यावर खिडक्या बंद करून सस्पेन्शनची खडखड ऐका. त्यानंतर तुमचा स्वतःचा मेकॅनिक आणा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. त्याला हजार-दीड हजार द्यायला मागेपुढे बघू नका.

सीएनजी असेल तर किटची नोंद आरसीवर आणि विम्यात दोन्हीकडे हवी. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तिचं सर्टिफिकेट मागा.

दिल्लीची गाडी फार स्वस्त मिळते. कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असते. पण इथे आणल्यावर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र), महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा आणि नवा एमएच नंबर, हे सगळं होईपर्यंत स्वस्ताई संपते. पहिल्या गाडीसाठी या भानगडीत पडू नका.

६. सौदा आणि टोकन

जुन्या गाडीवर कर्ज घेणार असाल तर आधी कर्जदात्याचा व्हॅल्युअर (किंमत ठरवणारा माणूस) गाडी बघतो. तुम्ही चार लाखांना ठरवलीत आणि त्यानं साडेतीन किंमत धरली, तर कर्ज साडेतीनच्या काही टक्के मिळतं. म्हणून टोकनच्या पावतीवर लिहून घ्या: ‘कर्ज मंजूर न झाल्यास टोकन परत.’ टोकन पाच-दहा हजारांच्या वर नको.

विकणाऱ्याचं कर्ज अजून चालू असेल तर त्यानं त्याच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज आज पूर्ण फेडायला किती लागतील याचं पत्र) आणायचं. तेवढी रक्कम थेट त्या कर्ज खात्यात भरा आणि उरलेलीच विकणाऱ्याला द्या. एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद उतरवायचा) हातात आल्याशिवाय शेवटचे पैसे सोडू नका.

एक सापळा मात्र ठळक अक्षरांत: “कर्ज माझ्या नावावर राहू दे, हप्ते तुम्ही भरा, गाडी तुम्ही वापरा, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो.” हे कधीही करू नका. आरसीवर कर्जदात्याचं नाव असेपर्यंत त्याच्या संमतीशिवाय गाडी तुमच्या नावावर होत नाही. पूर्वीच्या मालकाचं दुसरं एखादं कर्ज थकलं तरी ती तुमच्या पार्किंगमधून उचलली जाऊ शकते, आणि तुम्ही भरलेल्या हप्त्यांची कुठेच नोंद नसते.

ताबा घेताना तारखेसोबत वेळ लिहा, दोघांनी सही करा. संध्याकाळी साडेसहाला ताबा घेतलात आणि दुपारी चारचं सिग्नल तोडल्याचं चलन आलं तर भांडायला हाच कागद उपयोगी पडतो.

७. गाडी नावावर करणं

ठाणे शहरासाठी एमएच-०४, नवी मुंबईसाठी एमएच-४३, कल्याण-डोंबिवलीसाठी एमएच-०५, पनवेलसाठी एमएच-४६. तुमचा पत्ता आणि गाडीचं आरटीओ वेगळं असेल तर काम कुठे करायचं हे आधी पक्कं करा. एमएच-०४ची गाडी नेरुळला आणली म्हणून नंबर बदलत नाही. राज्यात तोच नंबर राहतो, फक्त नोंद बदलते.

लागतं ते असं:

- फॉर्म २९ (विकणाऱ्याची सूचना, दोन प्रती) आणि फॉर्म ३० (तुमचा अर्ज)
- जुनं कर्ज उतरवायचं असेल तर फॉर्म ३५ आणि एनओसी, नवं चढवायचं असेल तर फॉर्म ३४
- मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, दोघांचे पॅन-आधार
- चेसिस नंबरचा पेन्सिलनं उमटवलेला छाप

विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. परिवहनच्या पोर्टलवर आधारच्या ओटीपीनं बरंच काम घरबसल्या होतं. दोघांचे मोबाइल आधारला जोडलेले नसले की मात्र अडतं, आणि मग लोक एजंटकडे धावतात. कारच्या नावबदलाची सरकारी फी शेकड्यांत आहे, कर्जाची नोंद चढवायची १,५०० रुपये. एजंटनं त्यावर किती मागितलं हे वेगळं विचारा.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, लावलेली असली पाहिजे. कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती नसेल तर आरटीओत फाइल पुढे सरकत नाही. विकणाऱ्यालाच लावून द्यायला सांगा.

विम्याचं लोक विसरतात. तो १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. तोपर्यंत दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग लागू राहतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबर जातो, फरक तुम्हाला भरावा लागतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा स्वतःच्या नावानं घ्या. फास्टॅगही जुना काढून नवा.

८. हप्ता चुकला तर

हप्त्याची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांची मागून घ्या. पगार ७ ला आणि हप्ता ५ ला असला की दर महिन्याला दोन बाउन्स चार्ज पडतात: एक तुमच्या बँकेचा, एक कर्जदात्याचा.

नोकरी गेली किंवा पैसे अडकले तर फोन बंद करून बसू नका. पहिल्याच महिन्यात लेखी कळवा आणि मुदत वाढवून मागा. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि तिथून परतणं अवघड. त्याआधी स्वतः गिऱ्हाईक शोधून फोरक्लोजर करून विका. स्वतः विकलेल्या आणि उचलून नेऊन लिलावात काढलेल्या गाडीच्या किमतीत मोठी तफावत असते. लिलावात कमी आलं तर उरलेली रक्कम तुमच्याकडूनच मागतात. गाडीही गेली आणि कर्जही राहिलं, ही वेळ अशी येते.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. गाडी रस्त्यात अडवून चावी काढून घ्यायचा अधिकार कुणाला नाही. ओळखपत्र आणि कर्जदात्याचं पत्र मागा, गाडीतल्या सामानाची यादी करून सही घ्या. तक्रार आधी कर्जदात्याकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, हेल्पलाइन १४४४८. तडजोडीत ‘सेटल्ड’ (कमी पैशांत मिटवलं) शेरा घेऊ नका, तो पुढे घराच्या कर्जाच्या वेळी आडवा येतो. जमेल तसं पूर्ण भरून ‘क्लोज्ड’ करून घ्या.

९. कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता गेला म्हणजे काम संपलं असं नाही. एनओसी आणि फॉर्म ३५ मागून घ्या. एनओसी साधारण तीन महिनेच चालते. लोक ती ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि चार वर्षांनी गाडी विकताना कळतं की आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे. मग नवी एनओसी, तोवर शाखा दुसरीकडे गेलेली, फायनान्स कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली. लगेच आरटीओत नोंद उतरवा, विम्यातूनही बँकेचं नाव काढा, आणि दीड-दोन महिन्यांनी सिबिलमध्ये खातं बंद दिसतंय का बघा.

१०. गाडी सोडताना

आता तुम्ही विकणारे आहात, म्हणजे वरचं सगळं उलट्या बाजूनं. सगळ्यात मोठा धोका: पैसे घेतले, चावी दिली, फॉर्मवर सह्या केल्या, पण घेणाऱ्यानं किंवा मधल्या डीलरनं नावच बदललं नाही. सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. मधे गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागता येते. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरलेल्या फॉर्मची प्रत ठेवा, एमपरिवहनवर दर आठवड्याला नाव बदललं का बघा. महिनाभरात नाही बदललं तर आरटीओला लेखी कळवून पोच घ्या. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि पुढच्या गाडीच्या विम्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट देऊन जातं. फास्टॅग बंद करा, नाहीतर तिकडे कुणीतरी टोलवरून जाईल आणि इकडे तुमचे पैसे कापले जातील.

गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीची मुदत संपते. पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरणाची फी ५,००० रुपयांपासून, वर पर्यावरण कर, तपासणी आणि त्यात पास होण्यासाठी दुरुस्ती. बेरीज गाडीच्या किमतीजवळ जात असेल तर ती सोडा. पण नाक्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तो रोख चार पैसे जास्त देईल, पण आरसी तुमच्या नावावर तशीच राहील आणि तुमचा नंबर किंवा चेसिसची पट्टी दुसऱ्या गाडीवर फिरू शकते. सरकारमान्य वाहन भंगार केंद्रातच द्या. तिथे मूळ आरसी, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक लागतो. थकलेली चलनं आणि आरसीवरची कर्जनोंद आधी साफ करावी लागते. केंद्राकडून ठेव प्रमाणपत्र आणि भंगार केल्याचं प्रमाणपत्र अशी दोन्ही घ्या. पहिल्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. दुसऱ्याची प्रत जोडून नोंदणी रद्द झाल्याची आरटीओत खात्री करा, आणि विम्याचे महिने उरले असतील तर तोही रद्द करून परतावा मागा.